टाकीपासून तोटीपर्यंत

इतिहासाचा प्राध्यापक मोटारीच्या इंजिनावर बोलू लागला, तर ‘या गृहस्थांना राजेरजवाडे अपुरे पडले की काय?’ असे आपल्या मनात येईल. येणे साहजिकच आहे. पण इतिहास जसा तख्तावर घडतो, तसा तो तांब्याच्या नळीत आणि पितळी जेटच्या भोकातही घडतो, हे मला माझ्याच एका माजी विद्यार्थ्याने शिकवले. आणि तेही स्वतःचे मोठे नुकसान करून घेऊन.

मी नागपूरला मनीषनगरात राहतो. वर्धा रोडवरून रेल्वेचे रूळ ओलांडून पलीकडे गेले, की आमची वस्ती लागते. हा मुलगा आमच्याच गल्लीतला. वडील शाळामास्तर. निवृत्तीच्या वेळी हाती आलेल्या पैशांतून त्यांनी एक जुनी चारचाकी घेतली होती. मुलाला यंत्रांचा नाद. “बाबा, ही गाडी मला द्या, हिला शर्यतीची करून दाखवतो,” असे तो म्हणाला, आणि मास्तरांनी किल्ली त्याच्या हातावर ठेवली. मुलाने वर्षभर पैसे साठवून इंजिनाला टर्बो बसवला. टर्बो म्हणजे इंजिनाच्याच धुराच्या जोरावर फिरणारा पंखा; तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त, म्हणजे जाळ जास्त. जाळ जास्त, म्हणजे ताकद जास्त. हिशेब सरळ होता.

एके दिवशी सकाळी गावाबाहेर त्याने गाडीला पहिल्यांदा पुरता जोर दिला. दोन-चार मिनिटे गाडी अशी पळाली, की विचारू नका. मग खडखडाट झाला, मागून धूर निघाला, आणि गाडी दोर बांधून घरी आणावी लागली. इंजिन खोलले, तेव्हा तिसऱ्या पिस्टनच्या डोक्याला भोक पडलेले दिसले. मास्तर काही बोलले नाहीत. नुसते ओसरीच्या पायरीवर बसून राहिले. ते न बोलणेच मुलाला फार लागले.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, इंजिनात खोट नव्हती. पंगत मी दुप्पट बसवली, आणि वाढपी एकच ठेवला.”

हे वाक्य मला विसरता येईना. मी जुनी पुस्तके चाळली, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारले, आणि लक्षात आले, की मोटारीच्या साऱ्या इतिहासात ही चूक पुन्हा पुन्हा झाली आहे. इंजिनाकडे सगळ्यांचे डोळे. टाकीपासून तोटीपर्यंतच्या वाटेकडे मात्र कोणी पाहत नाही. आज त्या वाटेची गोष्ट सांगायची आहे.

आधी एक साधा हिशेब. एक किलो पेट्रोल पुरते जळायला सुमारे पावणेपंधरा किलो हवा लागते. मापात सांगायचे, तर एका लिटर पेट्रोलला जवळजवळ ९ हजार लिटर हवा. हे प्रमाण सांभाळणे, हेच इंधनाच्या साऱ्या यंत्रणेचे काम. पेट्रोल फार झाले, तर धूर होतो आणि इंधन वाया जाते. पूर्ण जोरावर असताना पेट्रोल कमी पडले, तर मात्र जास्त वाईट. कारण पेट्रोल जळते, तसेच वाफ होताना आतली उष्णता शोषून थंडावाही देते. तो थंडावा गेला, की दाबलेले मिश्रण वेळेआधीच भडकते, आत हातोडीचे घाव बसावेत तसे ठोके बसतात, आणि पिस्टन वितळतो. पिस्टनची धातू ॲल्युमिनियमची. शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांवर पातळ होते. आमच्या मुलाच्या गाडीत नेमके हेच झाले.

आता मागे वळू. आपल्या गावात नव्वदीच्या घरातले कोणी आजोबा असतील, तर त्यांना कोळशाच्या मोटारीची आठवण विचारून पाहा. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई झाली. १९४२ साली ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला आणि तिथल्या तेलविहिरींचा आधार तुटला. पेट्रोलवर नियंत्रण होते, आणि आपल्याकडच्या पुष्कळ बसगाड्या कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या. गाडीला मोठे पिंप जोडलेले असे. त्यात लाकडी कोळसा भरायचा, खालून पेटवायचा आणि पंखा हाताने फिरवत बसायचे. बऱ्याच वेळाने गॅस तयार होई, तो थंड करून आणि गाळून इंजिनात जाई. नीट गाळला नाही, तर राखेने इंजिनाची आतली भिंत घासली जाई.

मौज पाहा, इंजिन तेच होते. बदलली ती फक्त इंधनाची वाट. पण तेवढ्याने गाडीची ताकद निम्म्याच्या आसपास उतरली. चढ आला, की उतारूंनी खाली उतरावे, प्रसंगी मागून ढकलावे, असा प्रकार. बैल तोच, पण वैरण निम्मी, मग नांगर कुठून ओढला जाणार? युद्ध संपले, पेट्रोल मिळू लागले, आणि ती पिंपे भंगारात गेली. धडा मात्र घ्यायचा राहून गेला.

पेट्रोलच्या गाडीत हवा आणि इंधन यांची गाठ घालून देणारे जुने यंत्र म्हणजे कार्बोरेटर. १८९३ च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी आणि हंगेरीत दोनात बांकी व यानोश चोंका या जोडीने पेट्रोलचा फवारा करणारा कार्बोरेटर सिद्ध केला. त्याची रचना आपल्या ओळखीचीच आहे. घराच्या पाण्याच्या टाकीत जसा तरंगता गोळा असतो, आणि टाकी भरली की तो तोटी बंद करतो, तसाच एक फ्लोट कार्बोरेटरच्या वाटीत असतो. वाटीतले पेट्रोल एका बारीक भोकातून, म्हणजे जेटमधून, वर येते. शेजारच्या निमुळत्या गळ्यातून हवा जोराने जाते आणि ते पेट्रोल ओढून त्याचा फवारा करते. स्टोव्हच्या पिनने निपल साफ करणाऱ्या माउलीला जेट काय चीज आहे, हे सांगावे लागत नाही.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली मुंबईत प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट, पुढची पद्मिनी, आणि हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसिडर, या साऱ्या कार्बोरेटरच्या गाड्या. त्यांचा पेट्रोलपंप इंजिनालाच चिकटलेला. आता आमच्या नागपूरचा मे महिना डोळ्यांसमोर आणा. पारा ४५ अंशांवर. इंजिन तापले, की पंपातले आणि नळीतले पेट्रोल उकळून त्याची वाफ होई. पंप पातळ पेट्रोल ओढील, पण वाफ कशी ओढणार? गाडी भर रस्त्यात बंद पडे. मग ड्रायव्हर खाली उतरे, पंपावर ओले फडके टाके, बिडी ओढायला जरा दूर जाऊन बसे, आणि वीस मिनिटांनी गाडी सुरू करी. त्या फडक्याला कोणी शास्त्र म्हटले नाही. पण ते शास्त्रच होते. इंजिन धडधाकट असले, तरी वाट अडली की सारे अडते, हे त्या ड्रायव्हरला पक्के ठाऊक होते.

आता एक परदेशची हकीगत सांगतो, कारण एवढ्याशा वस्तूने केवढा फरक पडतो, हे तिच्यात दिसते. १९४० साली इंग्लंडच्या आकाशात विमानांचे घनघोर युद्ध चालले होते. इंग्रजांच्या लढाऊ विमानांतली मर्लिन इंजिने कार्बोरेटरची होती. शत्रूमागे झेपावण्यासाठी वैमानिकाने विमानाचे नाक एकदम खाली केले, की फ्लोटच्या वाटीतले पेट्रोल वर उसळे. इंजिन आधी उपाशी राही, आणि मग एकदम पेट्रोलचा पूर येऊन घुसमटे. जर्मनांच्या इंजिनांत पेट्रोल थेट पिचकारीने सोडलेले असे, त्यामुळे त्यांना ही अडचण नव्हती. फार्नबरोच्या सरकारी संशोधन संस्थेत बिअट्रिस शिलिंग नावाच्या एक इंजिनियर बाई होत्या. त्या स्वतः मोटारसायकलच्या शर्यती खेळत आणि १९३४ साली ब्रुकलँड्सच्या मैदानावर त्यांनी ताशी १०० मैलांवर वेग गाठला होता. बाईंनी काय केले? इंजिनाला जास्तीत जास्त जेवढे पेट्रोल लागते, तेवढेच जाईल अशा मापाचे भोक पाडलेली एक लहानशी पितळी टोपी नळीत बसवली. १९४१ सालापासून ती टोपी विमानतळोविमानतळी बसवली गेली. उपाशी राहण्याचा दोष पुरता गेला नाही. पण जीवघेणी घुसमट थांबली. अंगठीएवढी वस्तू! पण ती बसवण्याआधी बाईंनी पेट्रोल मोजले होते.

कार्बोरेटरनंतर आली पिचकारीची पद्धत, म्हणजे इंजेक्टर. डिझेलच्या इंजिनात ती आधीपासूनच होती; तिथे बॉश कंपनीने १९२७ साली इंजेक्शन पंप मोठ्या प्रमाणावर काढला. पेट्रोलच्या मोटारीत १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएल या गाडीने ती गाजवली. १९६७ साली विजेच्या मेंदूने चालणारी पद्धत बाजारात आली. आपल्याकडे २००० सालाच्या सुमारास धुराचे नियम कडक झाले, तशी मोटारींतून कार्बोरेटरची रजा झाली. आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे नियम आले, तेव्हा बहुतेक मोटारसायकलींतूनही तो गेला. या नव्या पद्धतीत पंप टाकीतच, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि नळीत पुरेसा दाब कायम ठेवतो. दाबाखाली पेट्रोल सहजी उकळत नाही. म्हणून आमच्या नागपूरच्या रस्त्यांवरून ते ओले फडके नाहीसे झाले.

इंधनच बदलले, तर काय करावे लागते, याचा मोठा धडा मुंबईच्या टॅक्सींनी दिला. प्रदूषणाच्या प्रश्नावर मुंबई उच्च न्यायालयाने लक्ष घातले, आणि हजारो काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी सीएनजीवर गेल्या. मागे सामानाच्या जागी जाड पोलादी टाकी आली, कारण हा वायू हवेच्या दाबाच्या सुमारे २०० पट दाबाने भरतात. मग पोलादी नळी, दाब उतरवणारे यंत्र, आणि हवेशी मेळ घालणारा मिक्सर. नुसते इंधन बदलून भागले नाही. टाकीपासून तोटीपर्यंत सारे बदलले, तेव्हा कुठे ती म्हातारी गाडी आणखी कित्येक वर्षे पळाली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली.

हाच धडा खुद्द आमच्या नागपुरातही मिळाला. २०१४ साली इथे इथेनॉलवर चालणारी बस प्रथम रस्त्यावर आली. इथेनॉल म्हणजे उसाच्या मळीपासून, धान्यापासून निघणारे मद्यार्क. एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांशच शक्ती असते. म्हणजे तेवढेच काम करायला ते दीडपट पाजावे लागते. म्हणून त्या बसच्या डिझेलच्या घडणीच्या इंजिनाला मोठे इंजेक्टर, जास्त पुरवठा करणारा पंप आणि नेहमीपेक्षा अधिक दाब अशी खास तयारी केलेली होती. पुढे ती बससेवा बंद पडली. पण इथेनॉल काही गेले नाही. ते आता आपल्या प्रत्येकाच्या टाकीत आहे.

ही गोष्टही जुनीच. १९४८ साली आपल्या देशात पॉवर अल्कोहोलचा कायदा झाला होता. पुढे २००१ साली पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग देशात तीन ठिकाणी सुरू झाला. त्यांतली दोन ठिकाणे आपली होती: मिरज आणि मनमाड. ऊस पिकवणाऱ्या महाराष्ट्राला हा मान मिळावा, हे योग्यच झाले. २००३ पासून कार्यक्रम वाढत गेला आणि २०२५ साली मिश्रण २० टक्क्यांवर पोचले. उसाला आणि मक्याला गिऱ्हाईक मिळाले, परदेशी तेलावरचा खर्च वाचला, हा फायदा खराच. पण २०२१ च्या नीती आयोगाच्या आराखड्यातच हेही नमूद आहे, की शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या चारचाकीचे ॲव्हरेज अशा मिश्रणावर सहा-सात टक्क्यांनी आणि दुचाकीचे तीन-चार टक्क्यांनी उतरू शकते. शिवाय इथेनॉल पाणी शोषते, आणि जुन्या पद्धतीच्या रबरी नळ्या व वॉशर यांना ते मानवत नाही.

तेव्हा आपल्या घरी जुनी मोटारसायकल असेल, तर घाबरून जाऊ नका. पण एवढे करा. मिस्त्रीकडून पेट्रोलची नळी, वॉशर आणि फिल्टर तपासून घ्या. नळी फुगलेली किंवा चिरलेली असेल, तर बदला. पावसाळ्यात टाकीचे झाकण नीट बसते ना, ते पाहा. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर टाकीत जुने पेट्रोल ठेवू नका. आणि गाडी एकाएकी दम टाकू लागली, तर लगेच इंजिनाला दोष देऊ नका. आधी वाट तपासा. विहिरीवरचा पंप पाणी कमी देऊ लागला, की शहाणा शेतकरी मोटार विकायला काढत नाही. आधी फूट व्हॉल्व्ह पाहतो, मग पाइप पाहतो.

आता आमच्या मुलाकडे परत येऊ. दुसऱ्या खेपेला त्याने इंजिनाला हातच लावला नाही. आधी वही घेतली. १०० अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण जोरावर ताशी साधारण ३० लिटर पेट्रोल पिते. त्याला हवी होती १६० अश्वशक्ती, आणि टर्बोचे इंजिन थंडाव्यासाठी जरा जास्तच पिते, म्हणून हिशेब निघाला ताशी ५८ लिटरांचा. जुना पंप आणि जुने इंजेक्टर हे देणे शक्यच नव्हते. इंजिन मिनिटाला ६ हजार फेरे घेते, तेव्हा प्रत्येक इंजेक्टरला एका खेपेस सेकंदाचा पन्नासावा भाग मिळतो. तेवढा सारा वेळ तो उघडाच राहिला, तर त्याला आणखी काही देता येत नाही. मग दाब वाढवावा? इथेही निसर्गाचा नियम आडवा येतो. त्याच भोकातून दुप्पट पेट्रोल काढायचे, तर दाब चौपट करावा लागतो. म्हणून भोकच मोठे हवे, पंप मोठा हवा, पंपाला वीज पोचवणारी तारही जाड हवी. कारण बारीक तारेत वीज अडते आणि नवा पंपही आळशासारखा चालतो. वळणावर पेट्रोल टाकीत एका बाजूला जाऊन पंपात हवा शिरू नये, म्हणून टाकीत आडभिंत हवी.

एक गोष्ट मी त्याला बजावून सांगितली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय पाहता, कंपनीने ठरवलेल्या मूळ घडणीत असे फेरफार केलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. सीएनजीसारखे दुसरे इंधन बसवायचे, तरी मान्यताप्राप्त किट आणि परिवहन कार्यालयाची नोंद लागते. त्याने ते मानले. आता ती गाडी दुसऱ्या वाहनावर चढवून शर्यतीच्या बंदिस्त मैदानावर नेली जाते, आणि तिथेच पळते.

पण खरी गोष्ट घडली ती त्याआधी. जुने इंजेक्टर फेकण्यापूर्वी ते एकदा मोजून पाहावेत, असे त्याच्या मनात आले. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून चार मोजपात्रे मी माझ्या सहीने त्याला मिळवून दिली. गॅरेजच्या मोकळ्या अंगणात, पेट्रोलऐवजी चाचणीचे खास द्रव वापरून, चारही इंजेक्टर एक मिनिट सोडायचे ठरले. वेळ कोणी पाहायची? मुलगा आत गेला, आणि मास्तरांना घेऊन आला. मास्तरांनी मनगटावरचे घड्याळ काढून तळहातावर धरले. आयुष्यभर परीक्षेच्या वर्गात धरले तसेच.

“सुरू,” ते म्हणाले, आणि साठ सेकंदांनी, “थांबा.”

तीन पात्रांत द्रव एका रेषेत होते. तिसऱ्या इंजेक्टरखालचे पात्र चांगले दोन बोटे रिकामे राहिले होते. तिसरा पिस्टन का जळाला, ते आता सगळ्यांना दिसले. साऱ्यांनाच कमी पडत होते; पण ज्याची वाट आधीच चोंदली होती, तो पहिला मेला.

मास्तर वाकून बराच वेळ त्या पात्राकडे पाहत राहिले. मग इतक्या दिवसांनी पहिल्यांदा मुलाला म्हणाले, “हे आधी मोजायला हवं होतं, नाही का रे?”

“हो, बाबा.”

“बरं. मग पुन्हा एकदा मोजू. एका वेळेवर भरवसा ठेवू नये.”

आणि त्यांनी घड्याळ पुन्हा तळहातावर धरले.